प्रत्यक्ष आणि अनुमान : एका क्षयाच्या गणिताचा इतिहास

न्यायदर्शनात प्रमाणांचा क्रम सांगताना प्रत्यक्ष आधी येते आणि अनुमान त्याच्या मागून. आमच्या वकिली व्यवसायातही हाच क्रम रूढ आहे. घटना डोळ्यांनी पाहिलेला साक्षीदार एकीकडे आणि परिस्थितिजन्य पुराव्यावरून काढलेला निष्कर्ष दुसरीकडे, असे झाले म्हणजे पारडे बहुधा साक्षीदाराच्या बाजूस झुकते. व्यवहारात हा क्रम योग्यच होय. तथापि प्रत्यक्ष म्हणून जे पुढे येते ते खरोखर कितपत प्रत्यक्ष असते, आणि अनुमान म्हणून ज्याची उपेक्षा होते त्याचा पाया कितपत दृढ असतो, हे तपासल्यावाचून दिलेला निवाडा धोक्याचा असतो. पदार्थविज्ञानाच्या गेल्या पन्नास वर्षांच्या इतिहासात या गोष्टीचे एक बोधप्रद उदाहरण घडून गेले आहे. एक अतिसूक्ष्म कण प्रकाशाचा एक कण बाहेर टाकून दुसऱ्या कणात रूपांतरित होतो. हे रूपांतर किती वेगाने होते, एवढाच वादाचा मुद्दा. म्हटले तर एका आकड्याचा प्रश्न. परंतु त्या एका आकड्यासाठी एकदा प्रत्यक्षाची आणि एकदा अनुमानाची अशी आलटून पालटून उलटतपासणी व्हावी लागली. तो इतिहास वाचकांपुढे ठेवावा असे आम्हांस वाटते.

प्रोटॉन, न्यूट्रॉन इत्यादी कण हे क्वार्क नामक अधिक मूलभूत घटकांचे बनलेले आहेत, ही कल्पना १९६४ साली मांडली गेली. त्या वेळी क्वार्कांच्या तीनच जाती मानल्या होत्या. १९७० साली ग्लॅशो, इलिओपुलोस आणि मायानी या तिघांनी, काही विशिष्ट क्षय निसर्गात का आढळत नाहीत याची मीमांसा करताना, चौथी एक जात असली पाहिजे असे अनुमान काढले. तिला ‘चार्म’ हे नाव मिळाले. पुढे ११ नोव्हेंबर १९७४ रोजी अमेरिकेतील दोन गटांनी एकाच दिवशी एकाच नव्या कणाचा शोध जाहीर केला. स्टॅनफर्ड येथील बर्टन रिक्टर यांच्या गटाने त्यास ‘साय’ म्हटले, तर ब्रुकहेवन येथे काम करणाऱ्या सॅम्युएल टिंग यांच्या गटाने ‘जे’. दोन्ही नावे टिकली आणि कण ‘जे-साय’ झाला. रिक्टर व टिंग यांस १९७६ साली नोबेल पारितोषिक मिळाले. या कणाचे वजन प्रोटॉनच्या तिपटीहून अधिक, आणि एवढ्या जड कणाच्या मानाने त्याचे आयुष्य अपेक्षेच्या सुमारे हजारपट दीर्घ. एक चार्म क्वार्क आणि त्याचाच प्रतिक्वार्क एकमेकांभोवती बांधले जाऊन हा कण बनला आहे, हे लवकरच स्पष्ट झाले.

जोडीतील दोन्ही क्वार्कांस स्वतःभोवती फिरण्यासारखा एक गुणधर्म असतो, त्यास आभ्रम म्हणतात. दोघांचे आभ्रम एका दिशेस असले म्हणजे तो जे-साय. परस्परविरुद्ध असले म्हणजे त्याचा किंचित हलका भाऊ, ‘ईटा-सी’. जे-सायमधील एका क्वार्कने आपला आभ्रम उलटा केला की वजनातील फरकाएवढी ऊर्जा घेऊन एक गॅमा किरण बाहेर पडतो आणि मागे ईटा-सी उरतो. जड क्वार्कांच्या कणांतील प्रारण-क्षयांपैकी हा सर्वांत साधा. क्षयाचा वेग ऊर्जेच्या मापाने सांगण्याचा या शास्त्रात प्रघात आहे. त्या मापाने जे-सायच्या सर्व प्रकारच्या क्षयांचा एकत्रित वेग सुमारे ९३ हजार इलेक्ट्रॉन-व्होल्ट भरतो. त्यापैकी ईटा-सीच्या वाट्याला किती? क्वार्कांना लहानशा लोहचुंबकांसारखे मानून कागदावर केलेला साधा हिशेब सांगतो की सुमारे अडीच हजार. म्हणजे शंभर जे-सायांपैकी दोन-तीन या वाटेने जातील. यापुढे हे आकडे आम्ही हजारांच्या मापानेच देऊ.

या हिशेबातील एक गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी, कारण पुढचा सारा वाद तिच्याभोवती फिरतो. क्षयाचा वेग किरणाच्या ऊर्जेच्या घनाच्या प्रमाणात वाढतो. ऊर्जा दुप्पट झाली तर वेग आठपट होतो. वजनांतील फरक जराही चुकला तर उत्तर फार चुकते.

पहिली चूक प्रत्यक्षाकडून झाली. १९७७ साली हँबुर्ग येथील ‘डॅस्प’ या प्रयोगाने ईटा-सी सापडल्याचे चिन्ह दिसते असे सांगितले. त्याचे वजन २८३० दशलक्ष इलेक्ट्रॉन-व्होल्ट, म्हणजे जे-सायहून जवळजवळ २७० नी कमी. हे खरे मानावे तर किरणाची ऊर्जा फार मोठी होते, आणि तिचा घन घेतल्यावर क्षयाचा वेग साध्या हिशेबाच्या बारापट होतो. एवढे किरण कोणासही दिसत नव्हते. तेव्हा एक तर क्वार्कांच्या जोडीचे चित्रच चुकीचे असले पाहिजे, नाही तर हा कण ईटा-सी नसला पाहिजे. सिद्धांत मांडणाऱ्यांची काही काळ मोठीच कुचंबणा झाली. कारण पाहणारा साक्षीदार समोर उभा असता केवळ हिशेबाच्या जोरावर त्यास खोटे कसे म्हणावे?

निवाडा दुसऱ्या साक्षीदाराने केला. स्टॅनफर्ड येथे ‘क्रिस्टल बॉल’ नावाचे एक यंत्र उभारण्यात आले होते. सोडियम आयोडाइडचे ६७२ स्फटिक गोलाकार रचून केलेला तो एक पोकळ चेंडूच होता, आणि गॅमा किरणांची ऊर्जा मोजण्यात तत्पूर्वीच्या यंत्रांहून तो कितीतरी सरस होता. १९७९ साली त्याने दाखवून दिले की २८३० पाशी काहीही नाही. पुढच्याच वर्षी खरा ईटा-सी सुमारे २९८० पाशी सापडला. फरक २७० चा नव्हे, तर आजच्या मापाने सुमारे ११३ चा. साधा हिशेब या पहिल्या फेरीत तरला.

परंतु दुसऱ्या फेरीत तोच साक्षीदार हिशेबाच्या विरुद्ध गेला. १९८६ साली क्रिस्टल बॉलच्या गटाने क्षयाचे प्रमाण प्रसिद्ध केले : शंभरात १.२७, अधिक-उणे ०.३६. वेगाच्या भाषेत सांगावयाचे तर सुमारे १.२, म्हणजे अपेक्षेच्या निम्मे. ज्या यंत्राने खोटा कण उघडकीस आणला त्याच्याच शब्दावर आता अविश्वास दाखविणे कठीण होते. शिवाय दुसरा कोणी साक्षीदार नव्हता. वीस वर्षांहून अधिक काळ या क्षयाचे एवढे एकच मापन कोष्टकांत उभे होते, आणि ज्याने त्याने आपला हिशेब त्याच्याशी ताडून पाहावयाचा, असे चालले.

आता अनुमानाची बाजू पाहू. साध्या हिशेबात एक मर्मस्थान होते. क्वार्कांना जोडणारे बल अंतराप्रमाणे कसे बदलते याचे एक सूत्र गृहीत धरावयाचे, चार्म क्वार्काचे वजन सोयीप्रमाणे ठरवावयाचे, आणि इतर कणांची वजने जुळेपर्यंत ते थोडे इकडेतिकडे करावयाचे, अशी ती रीत. कॉर्नेल विद्यापीठातील आयख्टेन, गॉटफ्रीड, किनोशिता, लेन आणि यान यांनी या रीतीने फार मोलाचे काम केले, यात शंका नाही. परंतु असे अनुमान निर्णायक पुरावा म्हणून मांडता येत नाही. उत्तर अडीचाऐवजी दीड हवे असेल तर वजन थोडे वाढविले की काम भागते. आणि ज्या हिशेबास हवे ते उत्तर देता येते त्याच्या साक्षीस किंमत उरत नाही.

खरा सिद्धांत उपलब्ध होता. क्वार्कांमधील बलाचे नियम ‘क्वांटम क्रोमोडायनॅमिक्स’ या नावाने १९७३ पर्यंत सिद्ध झाले होते. त्या वर्षी ग्रॉस, विल्चेक आणि पोलिट्झर यांनी दाखविले की हे बल अतिशय जवळच्या अंतरावर क्षीण होत जाते. परंतु कणाच्या आकाराएवढ्या अंतरावर ते इतके प्रबळ असते की कागद-पेन्सिलीने समीकरणे सुटत नाहीत. यावर उपाय केनेथ विल्सन यांनी सुचविला, आणि तोही १९७४ मध्ये, जे-सायच्या शोधाच्याच वर्षी. त्यांनी अवकाश आणि काल हे अखंड न मानता चार मितींचे एक जाळे कल्पिले. जाळ्याच्या गाठींवर क्वार्क, आणि गाठी जोडणाऱ्या दोऱ्यांवर बलक्षेत्र. शेवटी जाळे बारीक करीत न्यावे आणि अखंड अवकाशात उत्तर काय येईल ते पाहावे. या रचनेस आपण जालक म्हणू. विल्सन यांस पुढे १९८२ चे नोबेल पारितोषिक मिळाले ते पदार्थाच्या अवस्थांतरांवरील कार्यासाठी. परंतु दोन्ही कामांमागील दृष्टी एकच होती.

जालकावरील बलक्षेत्राच्या शक्य अवस्था अगणित असतात. त्या सर्वांची बेरीज करणे कोणत्याही यंत्रास शक्य नाही. म्हणून त्यांतून, सिद्धांताने ठरवून दिलेल्या संभाव्यतेनुसार, नमुने निवडावयाचे आणि नमुन्यांची सरासरी घ्यावयाची. ब्रुकहेवन येथील मायकेल क्रॉइट्झ यांनी १९७९-८० च्या सुमारास या रीतीने संगणकावर पहिली महत्त्वाची गणिते केली. त्यांचे मोठ्यात मोठे जालक प्रत्येक दिशेस दहा गाठींचे, म्हणजे एकूण दहा हजार गाठींचे होते. आजच्या मोठ्या जालकात अवकाशाच्या तीन दिशांस प्रत्येकी ९६ आणि कालाच्या दिशेस १९२ गाठी असतात. गुणाकार केल्यास संख्या सतरा कोटींच्या आसपास जाते.

प्रारण-क्षयाचे गणित करताना प्रत्येक नमुन्यात तीन क्षण निवडतात. पहिल्या क्षणी जालकावर जे-साय निर्माण करावयाचा, मधल्या क्षणी त्यातील क्वार्कास प्रकाशकणाचा स्पर्श घडवावयाचा, आणि तिसऱ्या क्षणी ईटा-सी म्हणून जोडी पुन्हा मिटवावयाची. तिन्ही क्षणांमधील परस्परसंबंधाची सरासरी शेकडो नमुन्यांवर घेतली की त्या स्पर्शाचे बळ हाती येते, आणि त्यावरून क्षयाचा वेग. येथे सोयीचे सूत्र कोठेही नाही. बाहेरून घ्यावे लागते ते फक्त क्वार्कांचे वजन आणि जाळ्याच्या दोरीची लांबी. त्याही गोष्टी इतर मोजमापांवरून एकदा ठरल्या की मग हात लावावयाचा नाही.

असे असूनही अनुमान निर्दोष नव्हते. दोन दोष मोठे होते. पहिला असा की रिकाम्या अवकाशातही हलक्या क्वार्कांच्या जोड्या क्षणोक्षणी उद्भवून विरत असतात. त्यांचा हिशेब धरावयाचा तर गणिताचा व्याप इतका वाढे की, पहिल्या पंचवीस वर्षांतील बहुतेकांनी तो सोडूनच दिला. दुसरा दोष चार्म क्वार्काच्या जडपणाचा. जड कण म्हणजे बारीक लहर. आणि जाळ्याच्या छिद्राएवढीच ती बारीक असली तर जाळे तिला नीट धरू शकत नाही. कोळ्याच्या जाळ्यातून लहान मासळी निसटते तसलाच हा प्रकार.

२००६ साली अमेरिकेतील जेफर्सन प्रयोगशाळेच्या डुडेक, एडवर्ड्स आणि रिचर्ड्स यांनी चार्मच्या जोड्यांच्या प्रारण-क्षयांचे पहिले व्यवस्थित जालक-गणित प्रसिद्ध केले. त्यात हलक्या जोड्या वगळलेल्याच होत्या, आणि त्यामुळे जे-साय व ईटा-सी यांच्या वजनातील फरक जालकावर खऱ्याहून लहान येत होता. येथे घनाचा नियम पुन्हा आडवा आला. जालकावरील फरक धरला तर वेग सुमारे १.६ येई, प्रयोगातला फरक धरला तर सुमारे २.६. त्यांनी दोन्ही आकडे छापले. क्रिस्टल बॉलच्या जवळचा आकडा पुढे करून दुसरा झाकून ठेवणे अवघड नव्हते; परंतु पुराव्यातील प्रतिकूल भाग लपविणारा वकील खटला कदाचित जिंकतो, शास्त्र मात्र तसे पुढे जात नाही.

२००९ साली नवा साक्षीदार आला. कॉर्नेल येथील ‘क्लिओ’ प्रयोगाने, अधिक जड असलेल्या साय-प्राइम कणाच्या सुमारे अडीच कोटी क्षयांतून जे-साय वेचून काढले आणि त्यांचे किरण मोजले. आकडा आला शंभरात १.९८, म्हणजे वेग सुमारे १.८. परंतु आकड्याहून महत्त्वाचे होते ते त्यांचे निरीक्षण. ईटा-सी हा अल्पायुषी कण असल्याने त्याचे वजन एका नेमक्या ठिकाणी नसून थोडे पसरलेले असते. त्यामुळे किरणांची ऊर्जाही एका शिखराभोवती पसरते. पूर्वी हे शिखर दोन्ही बाजूंस सारखे उतरते असे समजून मोजदाद करीत. परंतु वेग ऊर्जेच्या घनाप्रमाणे वाढत असल्याने अधिक ऊर्जेच्या बाजूस शिखराची शेपटी लांबणारच. क्लिओने ती लांबलेली शेपटी स्पष्ट दाखविली. एक जुने कोडेही त्यामुळे उलगडू लागले. प्रारण-क्षयावरून मोजलेले ईटा-सीचे वजन हे इतर मार्गांनी मोजलेल्या वजनाहून सतत पाच-सहा दशलक्ष इलेक्ट्रॉन-व्होल्टांनी कमी येत होते. तिरक्या शिखरावर सरळ शिखर बसविले की असेच होणार.

आमच्या मते या इतिहासाचे मर्म येथे आहे. १९८६ चा आकडा प्रत्यक्ष म्हणून मान्य झाला होता; परंतु ‘इतके किरण दिसले’ या विधानाच्या पोटात ‘शिखराचा आकार असा आहे’ हे अनुमान दडलेले होते. साक्षीदार खोटे बोलला नव्हता. त्याने जे पाहिले ते प्रामाणिकपणे सांगितले. मात्र पाहिलेले आणि समजलेले यांतील सीमारेषा त्यास दिसली नव्हती. उलटतपासणीत आम्हांस हे नित्य आढळते. उलटपक्षी, जालकाच्या गणितात क्वार्काचे वजन प्रयोगावरूनच ठरते. म्हणजे अनुमानाच्या मुळाशी प्रत्यक्ष आहेच. पूर्वसूरींनी अनुमानास प्रत्यक्षपूर्वक म्हटले ते सार्थ आहे. पण प्रत्यक्षही किती वेळा अनुमानगर्भ असते, हे या एका आकड्याने शिकविले.

पुढची हकिकत थोडक्यात सांगता येईल. २०१२ साली दोन स्वतंत्र गटांनी, हलक्या जोड्या हिशेबात धरून, जालकावर नवी गणिते केली. बेचिरेविच आणि सानफिलिप्पो यांना २.६४ मिळाले; ब्रिटिश-अमेरिकन ‘एचपीक्यूसीडी’ गटास २.४९. २०१४ साली रशियातील नोवोसिबिर्स्क येथील ‘केडीआर’ प्रयोगाने सुमारे ३ हा आकडा दिला. खालच्या बाजूस त्यात ०.४ पर्यंत चूक संभवत होती. मग २०२३ साली एचपीक्यूसीडी गटाने अधिक बारीक जालकांवर आणि चारही हलक्या-जड जातींच्या जोड्या धरून गणित पुन्हा केले, तेव्हा उत्तर आले सुमारे २.२२, आणि संभाव्य चूक शेकडा दोनांहून कमी. क्लिओचा आकडा त्याच्या खाली, केडीआरचा वर, गणित मध्ये. प्रयोगांतील अनिश्चितता तोवर शेकडा दहा-वीसच्या घरात होती. म्हणजे या प्रकरणात अनुमान हे प्रत्यक्षाहून अधिक सूक्ष्म झाले, आणि आता प्रयोगानेच त्यास गाठावयाचे, अशी उलटी स्थिती २०२३ साली आली. अर्थात २.६४ आणि २.२२ यांतील अंतर हेही विसरता कामा नये. गणिताच्या साक्षीदारांतही एकमत सहज झाले नाही; जसजसे वगळलेले घटक हिशेबात आले तसतसे ते जवळ येत गेले.

एवढ्या खटाटोपाचे प्रयोजन काय, असे कोणी विचारील. प्रयोजन मोठे आहे. हीच जालके, हीच रीत वापरून शास्त्रज्ञ असे प्रश्न सोडवितात की ज्यांत प्रयोग आणि गणित यांतील तफावत हीच निसर्गाच्या अज्ञात नियमाची खूण मानली जाते. म्युऑन कणाच्या चुंबकत्वाचे प्रकरण प्रसिद्ध आहे. अनेक वर्षे तेथे प्रयोग आणि सिद्धांत जुळत नव्हते आणि नवा नियम सापडल्याची आशा बळावली होती. त्या सिद्धांताच्या आकड्यातील एक भाग जुन्या प्रयोगांच्या मोजमापांवरून घेतलेला होता. २०२१ साली एका जालक-गणिताने तो भाग वेगळा दिला. इतर गटांनी स्वतंत्रपणे तपासून त्यास पुष्टी दिली. आणि २०२५ साली सिद्धांतिकांच्या संयुक्त अहवालाने जालकाचेच आकडे स्वीकारले, तेव्हा तफावत उरली नाही. अशा निर्णायक जागी ज्या गणितावर विसंबावयाचे त्याची परीक्षा आधी साध्या प्रकरणांत झालेली असावी लागते. जे-सायचे क्षय हे असे परीक्षेचे प्रकरण होय.

या कामात आपल्या देशाचाही वाटा आहे. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत जालक-गणिताची परंपरा दीर्घ आहे. तेथील नीलमणी माथुर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१८ साली चार्म आणि बॉटम या दोन्ही जड क्वार्कांपासून बनणाऱ्या कणांच्या वजनांची भाकिते प्रसिद्ध केली. त्यांतील काही कण तर फक्त एक मंद गॅमा किरण टाकूनच आपली ओळख देतात. साक्षीदार येण्यापूर्वीच जबानीत काय असेल ते लिहून ठेवणे, याहून कठोर कसोटी अनुमानास दुसरी कोणती लावता येईल?

आम्ही कायद्याचे विद्यार्थी आहोत, पदार्थविज्ञानाचे नव्हे. परंतु या इतिहासातून आम्हांस जे घेण्यासारखे वाटले ते आमच्या व्यवसायासही लागू आहे, आणि मंदिराच्या हिशेबापासून गावच्या तंट्यापर्यंत जेथे जेथे पुराव्यावरून निर्णय करावा लागतो तेथेही. दोन पुरावे जुळले एवढ्याने भागत नाही. ते एकमेकांकडे पाहून जुळविलेले नाहीत ना, हे आधी विचारावे लागते. प्रत्येक आकड्याबरोबर त्यातील संभाव्य चूक सांगणे हे या गणितज्ञांनी आपले कर्तव्य मानले. कोष्टकातील एकट्या साक्षीदाराशी आपले उत्तर जुळत नाही हे दिसत असताही त्यांनी ते वळविले नाही, आणि साक्षीदारासही खोटे ठरविले नाही. २००६ पासून २०२३ पर्यंत सतरा वर्षे ते आपलेच जाळे अधिक बारीक करीत राहिले.